खडू आणि कात्री

"पाय उचला!"

मी दचकून एक पाय उचलला.

"तो नाही, दुसरा. तुम्ही डाव्या दरवाजावर उभ्या आहात."

खाली पाहिलं. दरवाजा नव्हताच. सिमेंटची झाडून काढलेली जमीन, तिच्यावर खडूने आखलेले मोठे मोठे चौकोन, आणि माझ्या बुटाखाली त्यातल्या एकाची पुसली गेलेली रेघ.

"दरवाजा कुठाय पण?" मी एका पायावर उभी राहून विचारलं.

"यायचाय. ट्रक निघालाय तिकडून. तोवर जागा धरून ठेवलीय." गुडघ्यांवर बसलेला माणूस उठला. हात कोपरापर्यंत पांढरे, केसांतही थोडा खडू. "आता पाय ठेवा खाली. तिथे. हां... ती सीट आहे, चालेल."

तो गुरुवार होता. आमची संस्था सरकारी. रेल्वे, जहाजं आणि विमानं यांच्या अपघातांचा तपास करते. मी तिच्या नियोजन विभागात. कोणत्या विभागाला किती माणसं, किती गाड्या, किती पैसे, याचा वार्षिक आराखडा मी करते. चार वर्षं मी कागदावर या शेडचं भाडं मंजूर करत होते, पण माझ्या खिडकीपासून पन्नास पावलांवरच्या या जागेत कधी आले नव्हते. अपघातग्रस्त डब्याचे तुकडे इथे आणून, डबा होता तसा जमिनीवर मांडतात. मी मात्र टेप घेऊन आले होते. अर्धी शेड सोडून दिली तर काय वाचेल ते पाहायला.

"आपण?" त्याने विचारलं.

"नियोजन. अंदाजपत्रक."

"अरे, म्हणजे कात्री?"

शब्द तोंडातून निसटला आणि त्याचे कान लाल झाले. "माफ करा हं. म्हणजे ऑफिसात सगळे जण तसं..."

"माहितीय मला. आणि तुम्ही खडू."

"मला खडू म्हणतात?"

"सगळे."

"हे मला कोणी सांगितलं नाही!" तो स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाला. मग हसला. हसताना त्याची मान जरा डावीकडे कलते, हे मी तेव्हाच पाहिलं. टेपचं दुसरं टोक धरायला त्याला सांगितलं तर शहाण्यासारखा धरून उभा राहिला.

"समजा, अर्धी शेड सोडली तर?"

"तर अर्धा डबा मांडू. रेल्वेला कळवून टाका, इथून पुढे अपघात अर्धाच करा म्हणावं."

मी टेप गुंडाळता गुंडाळता हसले. सरकारी मोजमाप करताना हसायची ती माझी पहिलीच वेळ.

संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा दुकानात होते. बाबा पुस्तकं बांधायचे. तळमजल्यावर बांधणीचं दुकान आणि वर आमचं घर. खळीचा वास, दोऱ्याची रिळं, कोपऱ्यात पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस. ग्रंथालयांतून फाटकी पुस्तकं यायची आणि परत जाण्याआधी मी ती वाचून काढायची. माझं सगळं वाचन असं चोरटं, दोन टाक्यांच्या मधलं.

"बूट बघ तुझे," बाबा म्हणाले. "शाळेत गेली होतीस की काय?"

"एका दरवाजावर उभी होते."

मी सगळं सांगितलं. ते एका जाडजूड शब्दकोशाला टाके घालत ऐकत होते, आणि अर्ध्या अपघाताला इतके हसले की त्यांना सुई खाली ठेवावी लागली. मग त्यांनी उजव्या हाताने डावा खांदा चोळला.

"काय झालं?"

"प्रेस जड झालाय, नाहीतर मी हलका झालोय. जा, जेवून घे."

मी वर गेले. इतकी साधी संध्याकाळ होती की तिच्यातलं काही लक्षात ठेवावं असं मला वाटलंही नाही.

शुक्रवारी सकाळी दुकानाचं शटर वर करताना बाबा खाली बसले. पुन्हा उठले नाहीत.

तीन आठवड्यांनी मी कामावर परतले. माणसं चांगली असतात, फक्त अशा वेळी त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. आवक-जावकच्या मावशींनी पाठीवर ठेवला आणि स्वतःच रडल्या. कोणी म्हणालं, खंबीर राहा. कोणी म्हणालं, आता आईला तूच. मी मान हलवत राहिले आणि साठलेल्या फायली उघडत राहिले.

चौथ्या दिवशी तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. आज हात धुतलेले होते.

"दरवाजा आलाय," तो म्हणाला. "बघायला येता?"

गेले. दरवाजा आपल्या चौकोनात पडला होता. कडेला चेपलेला, पण दरवाजाच. त्याने माझ्यासाठी एक स्टूल ओढलं, स्वतः एका लाकडी खोक्यावर बसला. पत्र्यावर बारीक पाऊस वाजत होता. त्याने खिशातला खडूचा तुकडा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "कसे होते तुमचे बाबा?"

कसे गेले, हे सगळ्यांनी विचारलं होतं. कसे होते, हे विचारणारा तो पहिलाच.

मी सांगत गेले. पुस्तकाची पहिली आणि शेवटची पानंच ते नीट वाचायचे, कारण बांधताना तीच हाताखाली येतात. मधलं काय झालं असेल ते मला विचारायचे आणि मी सांगितलं की म्हणायचे, छे, एवढं लांबवायचं काय त्यात! तो हसला. मी पण हसले. आणि मग हसता हसताच माझा आवाज फुटला.

"आदल्या संध्याकाळी खांदा चोळत होते. मी पाहिलं. पाहिलं आणि जेवायला वर गेले. मी का नाही त्यांना..."

"थांबा." त्याने हात वर केला, गाडी थांबवतात तसा. "आमच्याकडे 'का नाही केलं' हा प्रश्न विचारायला बंदी आहे."

"कोणाची?"

"नियमच आहे. ड्रायव्हर असो, गार्ड असो, कोणी असो. जे घडलं नाही त्याची चौकशी करत बसलो तर एकही अहवाल पुरा व्हायचा नाही. आम्ही विचारतो, काय दिसलं? आणि त्या वेळी काय माहीत होतं?"

मी रुमाल शोधत होते. त्याने स्वतःचा दिला. अर्थातच खडूचा.

"तुम्हाला काय दिसलं?" त्याने हळू विचारलं.

"खांदा. आणि... ते हसत होते. खूप हसत होते."

"मग तेवढंच लिहायचं. दोन्ही लिहायचं."

घरी जाऊन आरशात पाहिलं तर माझ्या गालांवर पांढरे पट्टे. वाटेत एकानेही सांगितलं नव्हतं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला भूक लागली.

त्यानंतर आम्ही चारच्या चहाला भेटायला लागलो. जिन्याखालच्या यंत्राचा चहा, त्याला चहा म्हणायचं ते केवळ बटणावर तसं लिहिलंय म्हणून. त्याच्या पायाशी कायम एक पिशवी असायची. बूट, टॉर्च, टेप, खडूचे डबे. रेल्वे विभागात अपघाताच्या जागी प्रत्यक्ष जाणारा तपासनीस तो एकटाच. फोन वाजला की चहा तसाच ठेवून निघायचा.

"बहिणीकडे जेवायलाही ही पिशवी घेऊनच जातो," तो म्हणाला. "भाची म्हणते, मामा नेहमी निघायच्याच तयारीत येतो."

"मग लग्नाला?"

"कोणाच्या?"

"सहज... कोणाच्याही."

"पिशवी घेऊनच." तो कपाकडे बघत होता. "मुलीला चालत असेल तर."

"पिशवीला विचारावं लागेल. आधीची ती आहे."

त्याची मान डावीकडे कलली. मी घाईने चहा प्यायले आणि जीभ भाजली.

एकदा तो दोन दिवस बाहेरगावी एका रुळावर होता. परत आल्यावर मी विचारलं, "अहवाल झाला?"

"कुठला?"

"तिथला, दुसरा कुठला?"

"तो झाला. दुसरा एक चालू आहे. सध्या अंतरिम आहे."

"अंतिम कधी?"

"पुरावे गोळा होतायत..." तो म्हणाला, आणि माझ्या हातातला रिकामा कप काढून घेऊन टाकायला गेला. एवढंच. पण त्या दुपारी मी एक साधी बेरीज तीनदा चुकले.

आणि नेमक्या त्याच सुमाराला वरून आदेश आला. पुढच्या वर्षासाठी ठरावीक रक्कम, त्यात संस्थेची नवी रचना बसवा. रेल्वे विभागापुढे दोनच वाटा होत्या. दुसरा तपासनीस मंजूर झाला तर विभाग इथेच राहील. नाही झाला तर तो जहाजांच्या विभागात विलीन करून समुद्रकाठच्या कचेरीत हलवायचा. इथून सात तासांवर. म्हणजे त्यालाही तिकडेच. यावर टिपण कोणी लिहायचं? नियोजन विभागाने. नियोजन विभागात टिपणं लिहिणारी कोण? मी.

आकडे चांगले होते. गेल्या वर्षात तो एक्केचाळीस वेळा धावला होता. नऊ वेळा एकाच दिवशी दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. तो दुसरीकडे पोचेपर्यंत लोकांनी रूळ मोकळा करून टाकलेला, पुरावा गेलेला. दुसरा माणूस हवाच होता. कोणीही तेच लिहिलं असतं. मी लिहिलं. मग बेरजा तपासल्या, पुन्हा तपासल्या. चौथ्यांदा उत्तर तेच आलं तेव्हा मला केवढा आनंद झाला! आणि तिथेच मी पेन खाली ठेवलं. बेरजेने आनंद व्हायला लागला की माझ्यासारखीने सावध व्हावं.

त्या रविवारी आई आणि मी दुकान आवरत होतो. दोऱ्याची रिळं ती रंगाप्रमाणे लावत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो खडूवाला कसा आहे?"

माझ्या हातातला ब्रश पडला. "तुला कोणी सांगितलं?"

"ह्यांनी. त्या गुरुवारी. वर आले आणि म्हणाले, पोरीच्या बुटाला खडू लागलाय. मी म्हटलं, मग पुसेल की. तर म्हणाले, तेच तर. पुसत नाहीये."

ती रिळं लावत राहिली. मी खाली बसून ब्रश उचलला, आणि उचलायला फार वेळ लावला.

"आई, तू कधी म्हटलंस बाबांना? म्हणजे... की प्रेम आहे वगैरे?"

"इश्श! काहीतरीच!" मग जरा थांबून, "ताप आला की माझं डोकं चेपायचे. मी त्यांच्यासाठी साय बाजूला काढायची. तेवढ्यात भागलं आमचं." आणखी थोडं थांबून, "भागलं म्हणजे... भागवलं."

आमच्या घरात तो शब्द पुस्तकांतच असायचा. बाबांनी शेकडो प्रेमकथा बांधल्या, मी त्या सगळ्या वाचल्या, आणि एकमेकांना आम्ही काय म्हटलं, तर स्वेटर घे, जेवलात का, उशीर का झाला. मला वाटायचं, कळतं की सगळं. कळतही असेल. पण आता विचारायला माणूस नव्हता.

सोमवारी आराखड्याची बैठक. आमच्या मुख्य तपासनीस बाई निवृत्तीला आलेल्या. आवाज असा की लिफ्टसुद्धा वेळेवर यायची. त्यांची प्रत्येक बैठक एकाच प्रश्नाने सुरू होते, "कोणाचा काही हितसंबंध?" तपासाच्या कामात हे लागतंच. अपघातातला ड्रायव्हर तुमचा साडू असेल तर आधी सांगायचं, मग त्या कामातून बाजूला व्हायचं. त्यासाठी पिवळा फॉर्म असतो. नातं, व्यवहार, वाद, इतर. लागू असेल तिथे खूण करा, तपशील लिहा. अंदाजपत्रकाच्या बैठकीत मात्र तो फॉर्म कोणी भरल्याचं मला आठवत नाही. सगळे शाळेतल्या हजेरीसारखे "नाही" म्हणतात आणि पहिलं पान उलटतात.

फॉर्म दिला तर काय होणार, ते मला ठाऊक होतं. माझं टिपण रद्द. नवं टिपण लिहायला बाहेरचा माणूस येईपर्यंत मुदत संपणार. मुदत संपली की दुसरी वाट आपोआप लागू, म्हणजे सात तास लांब. फॉर्म दिला नाही तर कोणाला कळणारही नव्हतं. तो इथेच राहिला असता, चारच्या चहाला... आणि मी रोज त्याच्यासमोर बसून जाणत राहिले असते की त्याचं पद मी मिळवून दिलंय. उद्या कोणी बोट दाखवलं असतं, तर ते त्याच्या नऊ बुडालेल्या तपासांवरही उठलं असतं.

बैठकीच्या आधी मी पिवळा फॉर्म बाईंच्या टेबलावर ठेवून आले. 'इतर'वर खूण केली होती. तपशिलाच्या जागी बराच वेळ पेन धरून शेवटी एक आडवी रेघ मारली.

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, कारण मला ही गोष्ट त्या खोलीतच थांबवायची आहे. पद त्या वर्षी मिळालं नाही. विभाग समुद्रकाठी गेला. वर्षभर दर शनिवारी आमच्यापैकी कोणीतरी सात तास प्रवास केला. त्या गाडीचे सगळे गार्ड आम्हाला ओळखायला लागले. पुढच्या आराखड्यात, दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेल्या टिपणावर, तेच आकडे बघून पद मंजूर झालं आणि शेड पुन्हा उघडली. आत्ता मी हे लिहितेय तेव्हा तो खाली दुकानात आईला प्रेसचा दांडा सरळ करून देतोय, आणि आई त्याला सांगतेय की असा नाही, तसा.

तर, ती खोली. लांब टेबल, सात-आठ माणसं. तो माझ्या समोरच, रेल्वे विभागातर्फे, पिशवी पायाशी. मावशी इतिवृत्त लिहायला वही उघडून बसलेल्या.

"कोणाचा काही हितसंबंध?" बाईंनी विचारलं.

"नाही," सगळे म्हणाले. दोघं सोडून.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो टेबलाकडे बघत होता, आणि कान लाल होते.

बाईंनी चष्मा लावला. पुढ्यातले दोन पिवळे कागद उचलले. दोन!

"हा आज सकाळी आला, नियोजनाकडून. आणि हा शुक्रवारीच आलाय, रेल्वेकडून. यांचं म्हणणं, आमच्या विभागाचं टिपण सध्याच्या अधिकाऱ्यांनी लिहू नये." त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "दोन्हीकडे खूण 'इतर'वर. दोन्हीकडे तपशिलाच्या जागी रेघ."

कोणीतरी खोकलं. मावशींचं पेन हवेत थांबलं होतं.

"टिपण बाजूला ठेवावं लागेल. त्याचा परिणाम दोघांना माहीत आहे?"

"हो," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले.

"ठीक. पण इतिवृत्तात रेघ लिहिता येत नाही." बाईंचा आवाज तोच होता, पण चष्म्यावरून बघणारे डोळे वेगळे. "कोणीतरी एकाने बोला."

तो उठायला लागला. खुर्ची सरकली, पिशवी कलंडली, खडूचा एक डबा घरंगळत टेबलाखाली गेला. "म्हणजे, मॅडम, तसं... अजून अंतरिमच आहे, पण..."

"तुम्ही बसा," मी त्याला म्हणाले.

तो बसला. मी उभी राहिले. आत कुठेतरी आश्चर्य वाटावं इतकं शांत होतं. मी बोलले, ओठ हलले इतकंच.

"जरा मोठ्याने हं," मावशी म्हणाल्या. "लिहायचंय मला."

मी श्वास घेतला. त्याच्याकडे पाहिलं, आणि खोलीतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"बाबांवर माझं प्रेम होतं, आणि ते मी त्यांना कधी म्हटलं नाही. यांच्यावर माझं प्रेम आहे."